क्रेन वरतं, घोर खालतं

“काय रे बापू, शेडात चुन्यानं काय आखून राह्यला? मांडव घालतं का?”

“मांडव नाई काकू, क्रेन. दोन बाजूनं दोन रूळ, त्यावर आडवा गर्डर, गर्डरले चेनपुली. गर्डर मागं-पुढं सरकते, पुली डावी-उजवी. इंजिन कोठूनबी उचला, कोठंबी ठेवा.”

“आन थे तीन पायाची घोडी?”

“घोडी नुसती उचलते, सरकत नाई. इंजिन लटकवलं का खालून ट्रॅक्टर ढकलत काढा लागते. त्याले दोन पोरं पाह्यजे.”

“सोयाबीन सोंगाले माणूस भेटत नाई, तुले कोठून भेटन! पण जपून रे. वाशीम रोडवरच्या वेल्डिंगवाल्यानं छताच्या कैचीले पुली बांधली व्हती म्हणे. कैचीसकट टिनं खाली! माणूस वाचला थेच नशीब.”

“म्हणून तं हिशोब केला. भार अर्धा टन. १५ फुटाले १५० चा आयबीम घेतला तं भर मधात सात-आठ मिलिमीटर लवते. हातानं चालवाच्या क्रेनले लांबीच्या पाचशेव्या हिश्शाइतकं लवलेलं चालते, म्हणजे नऊ. बसलं गणित.”

“शेड तं २० फुटाचं हाय. पुरंच घे ना.”

“तेथंच गोम हाय. लांबी दुप्पट केली का लवणं आठपट. २० फुटाले हाच बीम सतरा-अठरा मिलिमीटर लवन. मंग २०० चा घ्या लागते. अकोल्याहून जुना पाहून आणतो.”

“बरं, रूळ कायच्यावर टेकवशीन?”

“भिंतीवर.”

“कोणत्या? ह्या आपल्या मधातल्या? जरा इकडं वाकून आमचा ओटा पाह्य. उन्हाळ्यात भेगीत आंगठा जाते, पावसाळ्यात बुजते. काळी माती हाय बाप्पा, फुगते अन् आटते. भिंत एका अंगानं बोटभर खचली तं?”

“तं रूळ खालीवर होतीन… गर्डर तिरपा होऊन अडकन. आन भार सरकतानी आडवा हिसका बसते, थो विटाच्या भिंतीले सोसत नाई, हेबी खरं.”

“मंग?”

“मंग भिंतीले हातच नाई लावत. क्रेनले तिचे सोताचे चार लोखंडी खांब. खड्डे मुरूम लागेलोक.”

“आमची विहीर खंदली तवा पाच हातावर मुरूम लागला व्हता.”

“अरे बाप्पा! म्हणजे लोखंडापेक्षा खड्डेच महाग.”

“पडू दे. आमच्यानं घर बांधतानी थोच खर्च वाचवला. आता दरसाली भेगा बुजवतो.”

“ठीक हाय. मंग शेवटी सव्वापट वजन लटकवून पाहा लागते. सव्वासहा क्विंटल कोठून आणू?”

“भाव चढन म्हणून सोयाबीनचे पोते घरातच पडून हायत. ६० किलोचे दहा-अकरा घेऊन जाय. पण आणून देतानी काट्यावर मोजून घेईन, सांगून ठेवतो!”