उद्यापन

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या तोंडावर साहेब म्हणाले, "सेल आहे तोवर रोज सकाळी सहाला विक्रीचे आकडे मेलवर पाहिजेत." मी सर्व्हरवर ठरल्या वेळी आपोआप चालणारा क्रॉन जॉब लावला. आकडे पाठवण्याआधी, खबरदारी म्हणून, अख्ख्या ऑर्डर टेबलाची प्रतही काढून ठेवायला सांगितली आणि चकल्या खायला मोकळा झालो.

सेल संपला. आमच्याकडचा आकाशकंदीलसुद्धा अखेर माघात उतरला. रिपोर्ट मात्र सुरूच. "सेलची विक्री : 0", रोज, सहाच्या ठोक्याला. साहेबांनी मेलबॉक्समध्ये नियम लावून ते एका फोल्डरात ढकलले. मग साहेबांनी नोकरी बदलली, त्यांचा पत्ता बंद झाला आणि मेल माझ्याकडे परत येऊ लागले. मीही नियम लावला. एक यंत्र पाठवतंय, दुसरं परत करतंय, तिसरं लपवतंय. माणसाचा कुणालाच त्रास नाही.

क्रॉनचा तरी काय दोष? सत्तरच्या दशकातल्या युनिक्सपासून हा गडी पाच रकाने वाचत आलाय : मिनिट, तास, तारीख, महिना, वार. वर्षाला रकानाच नाही, मग 'कुठपर्यंत' लिहिणार कुठे? 30 फेब्रुवारी दिलीत तरी तो हूं की चूं न करता घेतो आणि जन्मभर तिची वाट बघतो. एकदाच करायच्या कामासाठी 'अ‍ॅट' नावाची वेगळी आज्ञा आहे. विंडोजच्या टास्क शेड्युलरमध्ये तर मुदत संपवायचा चौकोनही आहे. त्यात टिक करणारा माणूस मला अजून भेटायचाय.

शेवटी ऐन महिनाअखेरीस सर्व्हरची डिस्क तुडुंब भरली. बिलं अडकली. गुन्हेगार शोधायला मलाच बसवलं. दोन वर्षांच्या प्रती रांगेत उभ्या होत्या आणि जॉबच्या डोक्यावर माझ्याच हातची टीप : "तात्पुरते. दिवाळीनंतर काढणे." कुठल्या दिवाळीनंतर, ते लिहिलंच नव्हतं.

रात्री आईला फोनवर सगळं सांगितलं. तिला सर्व्हर कळत नाही, पण दुखणं बरोबर कळलं. "म्हणजे व्रत धरलंस आणि उद्यापन केलं नाहीस! अरे, आम्ही सोमवार धरतानाच सोळा मोजून धरतो. सतराव्याला उद्यापन, की सुटका."

तेव्हापासून माझ्या प्रत्येक स्क्रिप्टची पहिली ओळ उद्यापनाची असते : आजची तारीख अमक्याच्या पुढे गेली असेल, तर काहीही न करता घरी जा. शिवाय जुने जॉब तपासायला मोबाइलमध्ये आठवण लावली, दर सोमवारी सकाळी नऊला. मोठ्या अभिमानाने आईला सांगितलं.

ती म्हणाली, "किती सोमवार?"