गार्ड अजून खोक्यातच आहे, शेठ

शेठ,

पत्राच्या आरंभी सप्रेम नमस्कार लिहायचा असतो. तो मी लिहीत नाही. तुमचं नाव, तुमच्या फर्मचं नाव आणि साइटचा पत्ताही लिहीत नाही. फ्लॅटच्या इंटिरिअरची कामं घेणारे तुमच्यासारखे पुष्कळ आहेत. त्या प्रत्येकानं हे पत्र आपल्यालाच आलंय असं समजून वाचावं.

तुमच्याकडच्या ज्या मुलाच्या डाव्या हाताची तर्जनी कॉर्डलेस ग्राइंडरनं प्लाय कापताना गेली, तो माझा विद्यार्थी. आयटीआयच्या सुतारकामाच्या वर्गात त्यानं रंधा, पटाशी, गुण्या हे सगळं माझ्या समोर हाताळलंय. करवतीच्या वाटेत बोट ठेवायचं नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तुम्ही सगळ्यांना सांगत फिरताय, की पोरगं निष्काळजी होतं, चकतीवरचं गार्ड त्यानंच काढून टाकलं. म्हणून मी तुमच्या साइटवर जाऊन आलो. बेडरूमच्या कोपऱ्यात त्या कॉर्डलेस ग्राइंडरचं खोकं पडलेलं होतं. गार्ड त्यातच होतं, प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवीचं तोंड न फाडलेलं. शेजारी बाजूची मूठ, तीही तशीच. मशीन विकत घेतल्या दिवसापासून हे दोन्ही भाग त्याला लागलेलेच नाहीत. जे कधी बसवलंच नाही, ते काढणार कोण?

हा आरोप तुम्ही उगाच करत नाही, हे मला कळतं. कामगारांच्या नुकसानभरपाईचा जो कायदा आहे, त्यात मालकाला सुटायला एक फट आहे. सुरक्षेसाठी दिलेलं साधन कामगारानं जाणूनबुजून काढून टाकलं असेल, तर मृत्यू आणि पूर्ण कायमचं अपंगत्व सोडून बाकीच्या इजांत मालक जबाबदारी नाकारू शकतो. ती फट तुम्हाला बरोबर सापडली. मशीनबरोबर आलेलं माहितीपत्रक उघडायला मात्र तुम्हाला सवड झाली नाही.

त्या फ्लॅटमध्ये तुम्ही काय काय जपलंय, तेही पाहिलं. फरशीवर ओरखडा उठू नये म्हणून प्लॅस्टिक अंथरून वर पीओपीचा थर दिलाय. लिफ्टच्या आरशाला खरचटू नये म्हणून आतून प्लाय ठोकलाय. दाराच्या चौकटींना फोम गुंडाळलाय. हे सगळं पदरचे पैसे घालून केलंत. ज्या मुलांच्या हातांवर तुमचा धंदा उभा आहे, त्यांच्यासाठी मशीनबरोबर फुकट आलेलं पत्र्याचं आवरण दोन मिनिटं खर्चून बसवलं नाहीत. फरशीवर ओरखडा गेला तर घरमालक बिलातून पैसे कापतो. बोट गेलं तर तुमच्या बिलातून काहीच कापलं जात नाही. तुम्ही काय जपायचं आणि काय नाही, ते एवढ्यावरच ठरवलंत.

तुमचा मिस्त्री मला म्हणाला, “सर, गार्ड लावलं तर रेष दिसत नाही, कट खोल जात नाही.” तो खोटं बोलत नाही. प्लाय कापताना ग्राइंडरचं गार्ड खरंच आडवं येतं. कारण ते मशीन प्लाय कापायला बनवलेलंच नाही. गेल्या शतकाच्या मध्यावर जर्मनीत अँगल ग्राइंडर तयार झाला, तो धातू घासण्या-कापण्यासाठी. त्याची चकती म्हणजे घासणाऱ्या कणांची राळेत बांधलेली वडी. ती धातूला घासताना स्वतःही झिजत जाते. तुम्ही त्याच्यावर चाळीस दात्यांचं लाकडाचं ब्लेड चढवायला लावलंत. दाता झिजत नाही, चावतो. गाठ आली, खिळा आला, प्लायचा थर वाकडा आला किंवा कापलेल्या फटीनं ब्लेडला चिमटा घेतला, की दाता तिथं रुततो आणि मशीनची सगळी ताकद हाताकडे वळते. मशीन उसळतं. दात्यांचं ब्लेड ग्राइंडरला लावू नका, त्यानं मशीन वारंवार उसळतं आणि ताबा सुटतो, हा इशारा नामांकित कंपन्यांच्या माहितीपत्रकांत ठळकपणे छापलेला असतो.

हिशेब करून दाखवतो, कारण तुम्हाला हिशेबच कळतो. तुमच्या त्या मशीनवर मिनिटाला ८,५०० फेरे लिहिलेत. ब्लेड १०० मिलिमीटरचं, म्हणजे दात्यांचा वेग ताशी १६० किलोमीटर. एका ठिकाणावरून सेकंदाला साडेपाच हजारांवर दाते जातात. माणसाला काहीतरी बिनसलंय हे जाणवून हात मागे घ्यायला साधारण सेकंदाचा पाचवा भाग लागतो. तेवढ्यात अकराशे दाते जाऊन झालेले असतात. आता सांगा, त्या मुलानं किती सावध असायला हवं होतं? इतकी चपळाई कोणाच्याच हातात नसते. म्हणून तर मशीन बनवणाऱ्यानं माणूस आणि चकतीच्या मध्ये पत्रा दिला आणि दुसऱ्या हातासाठी बाजूला मूठ दिली. दोन्ही हात मशीनवर असले, की ब्लेडसमोर यायला तिसरा हात नसतो. तुम्ही मूठ लावू दिली नाहीत, म्हणून त्याचा डावा हात प्लाय दाबायला गेला.

लाकडासाठी वेगळं मशीन मिळतं, कॉर्डलेस सर्क्युलर सॉ. तुमच्याकडे बॅटऱ्या आहेतच, त्यामुळे नुसतं मशीन काही हजारांत आलं असतं. त्याला सपाट बूड असतं. ते प्लायवर टेकतं आणि ब्लेड डगमगत नाही. खालचं गार्ड स्प्रिंगचं असतं. कापताना ते आपोआप मागे सरकतं आणि मशीन उचललं की आपोआप मिटतं. बटण चुकून दाबलं जाऊ नये म्हणून बहुतेकांना आधी दाबायचा वेगळा खटका असतो. ब्लेड किती खाली यावं हेही ठरवता येतं. प्लायच्या जाडीपेक्षा जेमतेम दोन-चार मिलिमीटर जास्त, एवढंच पुरतं. तुमच्या त्या ग्राइंडरवर यातलं काहीही नाही. एका वॉर्डरोबच्या नफ्यात तुम्ही हे मशीन घेऊ शकला असता.

आता कॉर्डलेसबद्दल. कॉर्डलेस मशीन चांगलं असतं, याबद्दल माझं दुमत नाही. वायर पायात येत नाही, पाण्यात पडत नाही, ब्लेडखाली येऊन कापली जात नाही. पण वायर होती तेव्हा भिंतीतला प्लग समोर दिसायचा. ब्लेड बदलायचंय, तर प्लग काढ, हे मी वर्गात ओरडून सांगायचो आणि मुलांच्या अंगवळणी पडायचं. बॅटरीच्या मशीनमध्ये ती वीज मशीनच्या पोटातच बसलेली असते. ब्लेडचा नट पान्यानं सोडवताना अंगठा बटणावर गेला, की संपलं. म्हणून ब्लेडला हात लावण्याआधी बॅटरी काढून बाजूला ठेवायची, दर वेळी, घाईतसुद्धा. स्वस्तातल्या मशीनचं सरकतं बटण पुढेच राहिलेलं असलं, तर बॅटरी बसवताक्षणी चकती फिरायला लागते. चांगल्या मशीनमध्ये त्याला अटकाव असतो. दाबून धरलं तरच चालेल आणि हात सुटला की बंद पडेल असं पॅडलचं बटण मिळतं. बटण सोडल्यावर चकती चटकन थांबवणारा ब्रेकही काहींना असतो. ब्रेक नसेल, तर चकती थांबेपर्यंत मशीन खाली ठेवायचं नाही. हे तुमच्यापैकी कोणी त्या पोरांना सांगितलं होतं का? मी विचारलं, तर उत्तर आलं नाही.

वायर गेल्यापासून तुमच्यासारख्यांना आणखी एक सवय लागली. मशीन कुठेही नेता येतं, म्हणून माणसालाही कुठेही चढवता. घोडीच्या वरच्या पायरीवर, एक हात भिंतीला, दुसऱ्या हातात चालू ग्राइंडर, गळ्यात गमछा. त्या उंचीवर मशीन उसळलं तर माणूस ब्लेडवर पडेल किंवा खाली. गमछा फिरत्या चकतीत अडकला, तर तो गळ्यासकट ओढला जातो. सैल सुती हातमोज्यांचंही तेच. बोटं वाचवायला म्हणून घालतात आणि धागा दात्याला लागला की अख्खा हात आत जातो. मला साइटवर एकाच्याही डोळ्यावर चष्मा दिसला नाही. एमडीएफची धूळ इतकी होती, की मुलं खोकतच बोलत होती.

बॅटऱ्याही तुम्ही बाजारातल्या बिननावाच्या घेतल्यात. त्यावर ८८ व्होल्ट छापलंय. मी एक उघडलेली पाहिली, आत पाच सेल एकामागोमाग जोडलेले. लिथियमचा एक सेल साधारण ३.६ व्होल्टचा, पूर्ण भरला तर ४.२. पाच सेलचे १८, फार तर २१. उरलेले व्होल्ट फक्त स्टिकरवर आहेत. जो माणूस छपाईत एवढं खोटं बोलतो, त्यानं आतलं संरक्षणाचं सर्किट प्रामाणिकपणे बसवलं असेल, यावर तुम्ही कसा विश्वास ठेवलात? आणि त्याच बॅटऱ्या रात्रभर चार्जिंगला असतात, भुशाच्या ढिगाजवळ, त्याच खोलीत मुलं झोपलेली. लिथियमनं पेट घेतला, तर झोपेतून उठून दार गाठायलाही वेळ मिळणार नाही. ही टांगती तलवार अजून तशीच आहे, म्हणून सांगतोय. चार्जिंग दिवसा, डोळ्यांसमोर, भुसा आणि थिनरपासून दूर. तापलेली बॅटरी थंड झाल्यावरच चार्जरला. फुगलेली किंवा पडून तडा गेलेली बॅटरी पुन्हा मशीनमध्ये नाही. सुट्या बॅटऱ्या खिळ्या-स्क्रूच्या डब्यात टाकायच्या नाहीत, दोन टोकं जोडली गेली की त्या पेटू शकतात.

त्या दिवशी नंतर जे झालं, त्याचा मला सर्वांत जास्त राग आहे. जखमेवर हळद दाबली. तुटलेलं बोट ग्लासातल्या बर्फात टाकलं. तुमची वाट बघत मुलं बसून राहिली, कारण शेठला विचारल्याशिवाय कुणी गाडी काढायची नाही हा तुमचा नियम. बर्फाच्या थेट स्पर्शानं पेशी मरतात. बोट स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळायचं, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधायचं आणि ती पिशवी बर्फावर ठेवायची. जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून हात वर धरायचा, १०८ ला फोन करायचा आणि जिथं प्लॅस्टिक सर्जन आहे अशाच हॉस्पिटलात जायचं. मोजकी वाक्यं आहेत. ती तुमच्या साइटच्या भिंतीवर कुठेच नव्हती. देवाचा फोटो होता, घरमालकानं मंजूर केलेले रंगांचे नमुने होते.

कायद्यात बोटांचे दर लिहिलेले आहेत, हे तुम्हाला माहीत असेलच. भरपाईच्या कायद्याच्या परिशिष्टात पूर्ण तर्जनी गेली तर कमाईची ताकद १४ टक्के कमी झाली असं धरतात. अंगठ्याला ३० टक्के. सुताराच्या बाबतीत हा आकडा मला कधीच पटलेला नाही. डाव्या हाताच्या तर्जनीनं तो पटाशीला दिशा देतो, खिळा धरतो, रंधा मारून झाल्यावर सांधा चाचपून पाहतो. ते १४ टक्क्यांत मोजता येत नाही. पण तेवढे तरी पैसे त्याला मिळाले पाहिजेत आणि तुम्ही तेही नाकारताय. १९९६चा बांधकाम कामगारांचा कायदा दहा कामगारांपासून पुढे लागू व्हायचा, तुमच्याकडे नऊच होते, असं तुम्ही मला फोनवर ऐकवलंत. ब्लेडनं तुमच्या हजेरीवहीतली नावं मोजली नव्हती.

तुमच्याकडून मला माफी नको. ती पोरं माफीवर पोट भरत नाहीत. त्याच्या हॉस्पिटलचा पूर्ण खर्च आणि नियमाप्रमाणे होणारी भरपाई या महिन्यात द्या. गार्ड त्यानंच काढलं हे जिथं जिथं सांगितलंत, तिथं तिथं जाऊन ते खोटं होतं असं सांगा, कारण तो बरा होऊन काम मागायला जाईल तेव्हा तुमचं वाक्य त्याच्या आधी तिथं पोचलेलं असेल. नाहीतर मी त्याच्याबरोबर कामगार आयुक्तांकडे जाणार आहे. ते खोकं, ती न फाडलेली पिशवी आणि तिच्यावरचं लेबल, तिन्हींचे फोटो माझ्याकडे आहेत आणि तुमचा मिस्त्री खरं बोलायला तयार आहे.

आणि एक काम महिन्यावर ढकलू नका. त्याच मशीनवर तेच ब्लेड चढवून आणखी दोन मुलं काम करताहेत. त्यातला धाकटा एकोणीस वर्षांचा आहे. उद्या सकाळी हजेरी घेण्याआधी ते ब्लेड उतरवा. स्वतःच्या हातानं उतरवा, आणि आधी बॅटरी काढा.

सुतारकामाचा एक निवृत्त शिल्पनिदेशक