जाहीर नोटीस : लॉ कॉलेज निवडणाऱ्या तमाम जनतेस

तमाम जनतेस या जाहीर नोटिशीद्वारे कळविण्यात येते की, खाली सही करणार (वय 25, धंदा शिक्षण, मूळ राहणार तालुका तासगाव, सध्या मुक्काम पुणे, कॉट बेसिसवर) हे तीन वर्षांच्या एलएलबीच्या पहिल्या वर्षाला असून त्यांचे एक सत्र नुकतेच पार पडले आहे. एका सत्रानंतर माणसाला संपूर्ण कायदा येतो. हे ज्ञान दुसऱ्या वर्षी निम्मे होते आणि तिसऱ्या वर्षी शिल्लक राहत नाही, असे सिनिअर सांगतात. सबब, ते मुदतीत आहे तोवर जनतेच्या कामी यावे, म्हणून ही नोटीस.

लॉ कॉलेज निवडायला सुरुवात कधी करावी? दुसरं काही होत नाही हे नक्की झाल्यावर. मी बी. कॉम. झाल्यावर दोन वर्षं सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत एमपीएससीसाठी बसलो. समोरच्या पार्टिशनवर ‘उपजिल्हाधिकारी’ अशी चिठ्ठी चिकटवली होती. दुसऱ्या वर्षी तिच्या जागी ‘नायब तहसीलदार’ आली. मग पार्टिशनच दुसऱ्याला गेलं. लॉच्या प्रवेशाच्या वेळी या दोन वर्षांच्या गॅपचं प्रतिज्ञापत्र मागतात. मी शपथेवर लिहून दिलं की सदर काळात मी अभ्यासिकेत बसून होतो. तिथे अभ्यास केला, असं लिहिलं नाही. मसुदा जपून करावा हे मला कॉलेजात जायच्या आधीपासूनच कळत होतं.

ज्यांना बारावीतच वकील व्हायचं असतं अशीही मुलं असतात. ती पाच वर्षांच्या कोर्सला जातात, क्लॅट देतात, राष्ट्रीय विधी विद्यापीठात जातात. महाराष्ट्रात अशी तीन आहेत : मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर. त्यांना ही नोटीस लागू नाही. त्यांनी उठावं, फिरून यावं.

उरलेल्यांसाठी राज्याची सीईटी. क्लॅटमध्ये चुकीच्या उत्तराला पाव गुण कापतात, आपल्या सीईटीत काही कापत नाहीत. त्यामुळे प्रश्न मोकळा सोडणं हा गुन्हा नसला तरी घरी सांगण्यासारखी गोष्ट नाही. येत नसेल तर आजोळच्या देवाचं नाव घेऊन ‘क’ करावं. त्यानंतर पर्याय भरायचा अर्ज. यात कॉलेजांची नावं आवडीच्या क्रमानं लावायची असतात. पण आपण सगळे ती ‘आपल्याला कुठलं लागेल’ या क्रमानं लावतो, आणि मग तेच लागलं म्हणून आयुष्यभर हळहळतो. हे नोटिशीतलं एकमेव गंभीर वाक्य समजावं : जे हवंय ते वर लिहा.

माझ्या अर्जाच्या वेळी घरात एक वेगळाच वाद होता. आमचा बांधाचा दावा आहे. दीड फुटाचा बांध, एका बाजूला आमची द्राक्षबाग, दुसऱ्या बाजूला तात्यांची. तात्या म्हणजे आप्पांचे, माझ्या वडिलांचे, चुलतभाऊ. दावा तालुक्याच्या कोर्टात सुरू झाला, जिल्हा कोर्टात अपील झालं, आणि मी दहावीत असल्यापासून तो मुंबईला उच्च न्यायालयात दुसऱ्या अपिलात पडून होता. माझ्या एलएलबीमागे हेच अपील आहे, असा आप्पांचा समज आहे आणि तो मी दूर केलेला नाही. मी पर्यायात पुणे भरलं, आणि नेमकं 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरचं सर्किट बेंच सुरू झालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, सहा जिल्ह्यांची कामं तिथे गेली. त्यासाठी तिथल्या वकिलांनी कित्येक वर्षं आंदोलन केलं होतं. आमचा बांध मुंबईहून कोल्हापूरला आला आणि मी गावाहून परत पुण्याला गेलो. आप्पा एवढंच म्हणाले, “कोर्ट दाराशी आलं, आन् वकील लांब चालला.”

यावरून जनतेनं शिकण्यासारखं काही असेल तर ते असं की, कॉलेज निवडताना नकाशा बघावा, पण नातेवाइकांना दाखवू नये. प्रत्येक नातेवाइकाकडे एकाच वकिलाचा अनुभव असतो. काका म्हणतात पुणे, कारण त्यांचा वकील पुण्याचा आणि जिंकला. मामा म्हणतात पुणे सोडून कुठेही, कारण त्यांचाही वकील पुण्याचाच. आणि ‘शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये’ हे मला ज्यांनी ज्यांनी ऐकवलं, त्यांच्यातल्या एकाचाही दावा मी निकाली निघालेला पाहिलेला नाही.

त्यांचा सल्ला मोडल्यास ते नाराज होतात. अशा वेळी 1410 सालचा ग्लॉस्टर ग्रामर स्कूलचा खटला आठवावा. ग्लॉस्टरमध्ये शाळा चालवणाऱ्या दोन मास्तरांसमोर तिसऱ्यानं शाळा काढली. मुलं तिकडे पळाली, तिमाहीची फी 40 पेन्सवरून 12 पेन्सवर आली. मास्तर कोर्टात गेले. कोर्ट म्हणालं, नुकसान झालं खरं, पण तुमचा हक्क कुणी मोडला नाही, घरी जा. याला वर्गात ‘डॅम्नम साइन इंज्युरिया’ म्हणतात आणि परीक्षेत हमखास येतं. तेव्हा काकांचा हिरमोड हे नुकसान आहे, इजा नाही. (हाच नियम तुम्ही चुकीचं कॉलेज निवडलंत तर तुमच्यावर उलटतो, हे त्यांना सांगू नये.)

आता माहितीपत्रक. त्यात एक इमारत असते, झाड असतं, झाडाखाली पुस्तक धरलेली मुलगी असते. ती मुलगी कॉलेजात सापडणार नाही. मी शोधली आहे. ‘100 टक्के प्लेसमेंट’ असं कुठे छापलेलं दिसलं, तर कार्बोलिक स्मोक बॉलचा खटला आठवावा. लंडनच्या एका कंपनीनं 1891 मध्ये जाहिरात दिली : आमचा धुराचा गोळा सांगितल्याप्रमाणे वापरूनही ज्याला इन्फ्लुएन्झा होईल त्याला 100 पौंड देऊ, आणि हे मनापासून म्हणतोय हे कळावं म्हणून 1,000 पौंड बँकेत ठेवले आहेत. कार्लिल बाईंनी गोळा वापरला, तरीही त्यांना इन्फ्लुएन्झा झाला, कंपनी म्हणाली जाहिरात ती जाहिरात. कोर्टानं पैसे द्यायला लावले, कारण बँकेत ठेव होती, म्हणजे बोलणं पोकळ नव्हतं. म्हणून प्रवेशाच्या खिडकीवर नम्रपणे विचारावं, “साहेब, प्लेसमेंटबद्दल बँकेत किती ठेवलेत?” मी विचारलं होतं. “कागदपत्रांच्या झेरॉक्स दोन सेट,” असं उत्तर मिळालं.

भिंतीवरच्या तसबिरींनीही फार विरघळू नये. मोठ्या माणसांच्या तसबिरी बहुधा फी भरायच्या खिडकीशेजारी असतात, त्यात योगायोग नसावा. इतिहास मोठा आहे, नाही कोण म्हणतो? मुंबईचं गव्हर्न्मेंट लॉ कॉलेज 1855 चं, आणि 1935 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथले प्राचार्य झाले. पुण्याच्या आयएलएसमधून, जे 1924 चं आणि ज्याच्यावरून लॉ कॉलेज रस्त्याला नाव पडलं, गजेंद्रगडकर आणि यशवंत चंद्रचूड असे दोन सरन्यायाधीश निघाले. पण बोबडे नागपूर विद्यापीठाचे, गवई अमरावतीचे. म्हणजे नीट पाहिलं तर सरन्यायाधीश होण्यासाठी कुठेही शिकलं तरी चालतं. माझ्यासारख्याला ही बातमी चांगली की वाईट, हे ठरवायला मला अजून पाच सत्रं आहेत.

मग बघायचं काय? कंटाळवाण्या गोष्टी. एक, बार कौन्सिल ऑफ इंडियाची मान्यता चालू आहे का, याचा कागद. कागद, ‘आहे हो, दरवर्षी येतेच’ हे वाक्य नव्हे. पदवी मान्य नसेल तर सनद मिळत नाही, आणि सनद नसेल तर तुम्ही फक्त भांडखोर ठरता. दोन, शिकवणारे येतात का. हे प्राचार्यांना विचारू नये. वेळापत्रक बघून येतो म्हणावं, आणि कॉलेजच्या पायऱ्यांवर बसलेल्या दुसऱ्या वर्षाच्या मुलाला चहा पाजून विचारावं. चहा त्यालाच घ्यायला लावलात तर आणखी बरं : 1928 मध्ये स्कॉटलंडच्या पेझ्ली गावात एका बाईंना मैत्रिणीनं जिंजर बिअर पाजली, बाटलीत गोगलगाय निघाल्याचं त्या म्हणाल्या, आणि पैसे स्वतः दिलेले नसतानाही कारखानदारावर दावा लागू शकतो असं 1932 मध्ये ठरलं. गोगलगाय खरंच होती का, हे शेवटपर्यंत शाबीत झालं नाही. आमच्या कॅन्टीनच्या मिसळीबद्दलही परिस्थिती अशीच आहे.

तिसरी गोष्ट, आणि इथे मी थट्टा थांबवतो : लायब्ररी किती वाजता बंद होते. मी हे विचारलं नाही. मी पुस्तकं किती हे विचारलं, आकडा ऐकून भारावलो. आमच्याकडे पुस्तकं भरपूर आहेत आणि लायब्ररी पाचला बंद होते. माझं शेवटचं लेक्चर पावणेपाचला सुटतं. पंधरा मिनिटांत मी अर्जाची चिठ्ठी भरतो, ग्रंथपाल पुस्तक शोधतात, ते कपाटात दिसतं, आणि घंटा होते. एका संदर्भग्रंथाशी माझं असं तीन महिने नातं आहे, एसटीच्या खिडकीतून ओळख व्हावी तसं. वाचनालय रात्री नऊपर्यंत उघडं असलेलं साधं कॉलेज मिळालं, तर तसबिरींचं कॉलेज खुशाल सोडावं. माझं हे मत बदलणार नाही.

हजेरी 70 टक्के लागते, बार कौन्सिलचा नियम आहे. ‘आमच्याकडे त्याचं बघून घेतो’ असं कुणी म्हणालं तर तो तुमचं काय काय बघून घेईल याचा विचार करावा.

पुस्तकं अप्पा बळवंत चौकात अर्ध्या किमतीत मिळतात, पण तारीख बघून घ्यावीत. मी भारतीय दंड संहितेची देखणी प्रत घेतली, आधीच्या मालकानं पिवळ्या पेननं रंगवलेली. 1 जुलै 2024 पासून तिच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आहे. खुनाचं 302 आता 103 झालं, आणि ज्याच्यावर मराठी माणसाच्या तीन पिढ्यांनी शिव्या रचल्या ते चारशेवीस 318 मध्ये गेलं. कुणाला ‘अरे तीनशेअठरा!’ म्हणून बघा, राग येत नाही. वर्गात माझ्या शेजारी वीस वर्षं नोकरी झालेले एक हवालदार बसतात. त्यांना जुनी कलमं झोपेत पाठ, मला नवी नुकतीच पाठ. आम्ही एकमेकांना भाषांतर करून देतो. जुनं पुस्तकही त्यांनीच टाकू दिलं नाही. म्हणाले, “राहू दे. आधीच्या गुन्ह्यांना जुनंच कलम. तुमची सनद जुनी होईल, तरी त्या केसेस चालूच असतील.”

तीन वर्षांच्या कोर्सला हेच खरं धन आहे आणि ते कुठल्याही माहितीपत्रकात नसतं. आमच्या वर्गात हवालदार आहेत, निवृत्त बँक मॅनेजर आहेत, दोन मुलांना शाळेत सोडून थेट पहिल्या बाकावर येणाऱ्या एक ताई आहेत, स्वतःचाच घटस्फोटाचा खटला समजून घ्यायला आलेला एक जण आहे. करार शिकवताना सरांनी विचारलं की जामीनदार म्हणजे कोण, तर मॅनेजर काकांनी जे वर्णन केलं ते कुठल्याच पुस्तकात नाही. तेव्हा कॉलेज बघायला गेल्यावर वर्गाच्या दारात उभं राहून केस पिकलेली डोकी मोजावीत. जितकी जास्त, तितकं बरं.

इतकी नोटीस लिहून झाल्यावर दिवाळीतली हकीकत सांगणं भाग आहे. घरी गेलो तर आप्पांनी फराळाच्या ताटाशेजारी अपिलाची फाईल ठेवली होती. मी म्हणालो, “आप्पा, मला सनद नाही. मी अजून कुणीच नाही.” ते म्हणाले, “वाचायला सनद लागती व्हय?” वाचली. दुपारी मागच्या दारानं तात्या आले, म्हणजे अपिलातले जाबदेणार क्रमांक 1. चिवड्याचा डबा ठेवला, बसले आणि खालच्या आवाजात म्हणाले, “तुझ्या बाचं जाऊ दे. कायदा काय म्हणतोय तेवढं सांग.” मी त्यांना सांगितलं की एका बाजूला सल्ला दिल्यावर दुसऱ्या बाजूला देता येत नाही. “मग त्याला द्यायच्या आधी मला दे की,” तात्या म्हणाले, आणि अर्धा तास त्यांचं म्हणणं सांगत बसले. मी काही बोललो नाही. चिवडा मात्र खाल्ला.

रात्री आप्पांनी विचारलं, “तात्या काय म्हणत हुता?”

“ते सांगता येत नाही.”

“मला?”

“तुम्हालाच.”

आप्पांनी फाईलची दोरी बांधली, कपाटावर ठेवली. बऱ्याच वेळानं म्हणाले, “चिवडा कसा हुता?”

तरी वरील मजकुराबाबत कोणाचीही कसल्याही प्रकारची हरकत असल्यास त्यांनी ही नोटीस प्रसिद्ध झाल्यापासून 15 दिवसांचे आत, लेखी पुराव्यासह, आमच्या कॉलेजच्या लायब्ररीच्या दारात पावणेपाच ते पाच या वेळेत आम्हांस समक्ष भेटावे. मुदतीत हरकत न आल्यास कोणाचीही हरकत नाही, व असल्यास ती सोडून दिली आहे, असे समजण्यात येईल. नंतर आलेल्या तक्रारी आमचे अशिलांवर बंधनकारक राहणार नाहीत. अशील मिळाल्यावर त्यांची नावे कळविण्यात येतील.

येणेप्रमाणे जाहीर नोटीस.