सागरी जलतरण, मुक्काम धूलकोट

पहाटेचे सागरी जलतरण हा सामुदायिक व्यायामाचा प्रकार असून त्यासाठी हौशी मंडळी, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, चहाचा थर्मास आणि समुद्र एवढ्या चारच गोष्टी लागतात. मध्य प्रदेशाच्या बुऱ्हाणपूर जिल्ह्यातील धूलकोट येथे यांपैकी पहिल्या तीन केव्हाही जमवता येतात. चौथी सरळ रेषेत सुमारे साडेतीनशे किलोमीटरवर, सुरतेच्या पलीकडे आहे. चारांपैकी तीन गोष्टी हाताशी असताना काम अडून राहावे, याला सबब नाही. याहून कमी तयारीवर नारळ फुटल्याची उदाहरणे कोणत्याही जिल्ह्यात सापडतील.

धूलकोट सातपुड्यात आहे. या भागात पडलेला पाऊस एक तर नर्मदेला मिळतो, नाही तर तापीला, आणि दोन्ही नद्या शेवटी खंभातच्या आखाताला मिळतात. तापी मुलताईहून निघून बुऱ्हाणपूरचे घाट, हतनूर, उकाई आणि सुरत असा 724 किलोमीटरचा प्रवास करते. समुद्राला पाणी पुरवण्याचे काम हा मुलूख असा पिढ्यान्‌पिढ्या बिनबोभाट करत आला आहे. समुद्र त्याची परतफेड जून ते सप्टेंबर ढगांवाटे करतो, पण त्यात पोहता येत नाही.

समुद्रात केव्हा उतरावे हे चंद्र ठरवतो. कोकण किनाऱ्यावरचा जुना आडाखा असा की, तिथीची पाऊणपट करावी, भरतीची वेळ निघते. आठ पाऊण सहा, म्हणून अष्टमीला भरती सहाच्या सुमारास. त्यात अष्टमीची भरती भांगाची, म्हणजे पाण्याला ओढ कमी. पहाटे पोहणाऱ्याला याहून चांगला मुहूर्त नाही. पौर्णिमेला आणि अमावास्येला उधाण येते खरे, पण पंधरा पाऊण सव्वाअकरा. सकाळी सहाला त्या दिवशी ओहोटी असते आणि मुंबईत गिरगावात पाण्यापर्यंत पोहोचायलाच बरेच चालावे लागते. जलतरण गट मात्र रविवारी जमतो, आणि रविवारचे तिथीशी कधीच जमलेले नाही. धूलकोटची गोष्ट वेगळी. तिथे भिंतीवर कॅलेंडर आहे, त्यामुळे अष्टमी वेळेवर लागते. भरती तेवढी होत नाही.

गटातील सभासद पाण्यातले आणि काठावरचे अशा दोन जातींचे असतात. गट चालतो तो काठावरच्यांमुळे. काठावरच्या काकांची पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली असते. एका खांद्यावर तिघांचे टॉवेल, करंगळीत दोन स्कूटरच्या किल्ल्या, आणि छातीशी प्लास्टिकच्या पिशवीत सगळ्यांचे मोबाइल. ते पाण्यात उतरत नाहीत, पण कोण कोपर वाकवतो आणि कोण श्वास चुकवतो हे त्यांना इतके स्पष्ट दिसते की पोहणाऱ्यालाही ते काठावर आल्याशिवाय कळत नाही. सूर्योदयाचे सगळे फोटो त्यांनीच काढलेले असतात, म्हणून ते एकाही फोटोत नसतात. ग्रुपवर त्यांना त्याबद्दल दर रविवारी दोन हात जोडलेले मिळतात. नव्या सभासदाला “पाणी मुळीच गार नाही” असे सांगण्याची प्रथा बहुतेक सर्व गटांत आहे. हे विधान नेहमी आधीच भिजलेला माणूस करतो.

साधनसामग्रीत टोपी, गॉगल आणि कमरेला दोरीने बांधायचा नारिंगी फुगा येतो. हा फुगा बोटवाल्यांना माणूस दिसावा म्हणून असतो. निमाडात आणि खानदेशात तरंगण्याच्या कामाला सुका भोपळा, रिकामा डबा किंवा ट्रॅक्टरची ट्यूब पुरली आहे. शिकवण्याची पद्धतही तिथे सोपी होती: पाठीला डबा बांधायचा आणि मामाने मागून विहिरीत ढकलायचे. या अभ्यासक्रमाला फी नव्हती, प्रमाणपत्र नव्हते आणि काठावरचे काकाही नव्हते, कारण काका आधीच मुटका मारून आत असत.

पोहून झाल्यावर खाणे हा विधीचा मुख्य भाग होय. मुंबईत तो मिसळीवर भागतो. बुऱ्हाणपूरला माव्याची जिलेबी आहे आणि तासभर हात मारून जे काही खर्च होते ते तिच्या दोन वेढ्यांत सव्याज परत मिळते. या बाबतीत समुद्राची उणीव फारशी जाणवत नाही.

समुद्र जवळ असला की माणूस पोहतो, हा समज तपासून पाहण्यासारखा आहे. जगातल्या सात अवघड खाड्या आणि सामुद्रधुनी पोहून 2018 साली ‘ओशन्स सेव्हन’ पुरे करणारा पहिला आशियाई रोहन मोरे पुण्याचा, आणि पुण्यात सर्व काही असले तरी समुद्र नाही. भिंड जिल्ह्याचे दिव्यांग जलतरणपटू सतेंद्रसिंह लोहिया यांनी त्याच वर्षी सहकाऱ्यांसह रिले पद्धतीने इंग्लिश खाडी पार केली. 2024 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. शिडाच्या होडीत 2018 च्या आशियाई खेळांचे कांस्यपदक मिळवणारी हर्षिता तोमरही मध्य प्रदेशचीच. किनारा नसलेल्या राज्याला एवढे साधले. मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर रोज संध्याकाळी समुद्राकडे तोंड करून बसणाऱ्यांपैकी किती जणांना पोहता येते, हे विचारण्याची मात्र मुंबईत पद्धत नाही.

समुद्र नाही म्हणून सरकार हातावर हात ठेवून बसले होते, असेही नाही. शेजारच्या खंडवा जिल्ह्यात नर्मदेवर इंदिरा सागर धरण बांधून सुमारे 900 चौरस किलोमीटरचे पाणी उभे केले गेले. त्यासाठी 2004 मध्ये हरसूद हे भरल्या बाजाराचे गाव उठले. भरपाईच्या हिशेबापायी लोकांनी आपली घरे आपल्याच हातांनी पाडली. जलाशयाने गिळलेली आणि अर्धीमुर्धी धरलेली गावे अडीचशेच्या घरात जातात. त्यांना पाण्यापर्यंत जाण्याचा त्रास पडला नाही, पाणीच दारी आले. पोहता येते का, हे कोणी विचारले नव्हते. 2016 पासून याच जलाशयाच्या काठी हनुवंतिया येथे जलमहोत्सव भरतो. तिथे तंबू असतात, मोटारबोटी असतात आणि लाइफ जॅकेट सर्वांना मिळते. ते बारा वर्षे उशिरा आले, एवढीच काय ती त्रुटी.

धोके थोडक्यात सांगता येतात. समुद्रात जेलीफिश, प्रवाह आणि महानगराचे सांडपाणी. नदीत भोवरे आणि वाळू उपसून झालेले खड्डे. शेततळ्यात प्लास्टिकचा निसरडा उतार, ज्यावरून पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही. यांपैकी फक्त समुद्राच्या धोक्यांवर ग्रुपवर चर्चा होते.

सध्या धूलकोटकराला खऱ्या समुद्रात पोहायचे असेल तर बुऱ्हाणपूर स्थानकावर येऊन मुंबईची रात्रीची गाडी धरावी. मालवणला चिवला बीचवर डिसेंबरात सागरी जलतरण स्पर्धा भरते, पण ती लांब पडते. मुंबई सुमारे 500 किलोमीटर. सकाळी उतरून गिरगाव गाठेपर्यंत आठ होतात. तिथी पौर्णिमेची निघाली, तर पाणी यायला सव्वाअकरा वाजतात, आणि तोवर गट मिसळ खाऊन, फोटो टाकून घरी गेलेला असतो.