आधी खुर्ची, मग चेंडू

फुटबॉलपटूचं आयुष्य साधारण ठरलेल्या क्रमाने सरकतं. आधी गुडघा जातो, मग धंदा येतो, आणि धंद्यात चार पैसे दिसले की गावातली माणसं दारात येऊन म्हणतात, ‘भाऊ, या वेळी उभे राहाच.’ लायबेरियाचा जॉर्ज वीआ १९९५ साली युरोपातला सर्वोत्तम फुटबॉलपटू ठरला आणि २०१८ साली देशाचा अध्यक्ष झाला. आमच्या गोंदियाने हा क्रम उलटा लावून दाखवला. इथे आधी विडी, मग नगरपालिका, मग दिल्ली, आणि सगळ्यात शेवटी फुटबॉल.

प्रफुल्ल पटेलांचं घर विडीच्या कारखानदारीचं. वडील मनोहरभाई आमदार, गोंदिया शिक्षण संस्थेचे संस्थापक. प्रफुल्लभाई १९८५ साली गोंदियाचे नगराध्यक्ष झाले, १९९१ साली भंडाऱ्याचे खासदार. ऐन उन्हाळ्यात जंगलात तेंदूपत्ता तोडणारे हात आणि वर्षभर घरी बसून विड्या वळणाऱ्या बाया, ही या धंद्याची मधली फळी. गोल कोणाच्या नावावर लागतो, ते विचारायचं नसतं.

२००४ साली भंडाऱ्याच्या मतदारांनी त्यांना हरवलं. त्याच महिन्यात ते विमान वाहतूक मंत्री झाले. राज्यसभेची जागा हाताशी होती, मतदार बिचारे पाहत राहिले. गोंदियाजवळच्या बिरसीची दुसऱ्या महायुद्धातली धावपट्टी त्यांच्या काळात नीटनेटकी झाली, वैमानिक घडवणारी संस्थाही आली. शिकाऊ पोरं गोंदियाच्या आकाशात घिरट्या घालू लागली. तिकीट काढून बसायचं प्रवासी विमान मात्र मार्च २०२२मध्ये उडालं, म्हणजे प्रफुल्लभाईंनी ते खातं सोडल्यावर ११ वर्षांनी.

आता फुटबॉल. २००८ साली तेव्हाचे अध्यक्ष प्रियरंजन दासमुन्शी गंभीर आजारी पडले आणि भारतीय फुटबॉल महासंघाची सूत्रं प्रफुल्लभाईंकडे आली. २००९ साली ते रीतसर अध्यक्ष झाले, २०१२ साली पुन्हा, २०१६ साली पुन्हा. त्यांच्या काळात काहीच झालं नाही असं म्हणणारा खोटारडा. २०१४ साली इंडियन सुपर लीग सुरू झाली. २०१७ साली १७ वर्षांखालील मुलांचा विश्वचषक भारतात आला, नवी मुंबईतही सामने झाले. यजमान म्हणून आपला संघ थेट आत आणि तीन सामने हरून थेट बाहेर. २०१९ साली प्रफुल्लभाई फिफाच्या कौन्सिलवर निवडून आले, ४६पैकी ३८ मतं घेऊन. तिथे पोचलेले ते पहिले भारतीय. संघ विश्वचषकापर्यंत पोचला नाही, अध्यक्ष पोचले. प्रत्येकाची आपापली पात्रता फेरी असते.

मुदत डिसेंबर २०२०मध्ये संपली. खुर्ची संपली नाही. ९० मिनिटं झाल्यावर पंच जादा वेळ देतो तो पाच-सात मिनिटांचा, इथे तो जवळपास दीड वर्ष चालला. शेवटी मे २०२२मध्ये शिटी वाजवली ती सर्वोच्च न्यायालयाने, आणि महासंघावर प्रशासक नेमले. ऑगस्टमध्ये, स्वातंत्र्याच्या अमृतमहोत्सवाच्या ऐन धामधुमीत, ‘तिसऱ्या पक्षाचा हस्तक्षेप’ म्हणून फिफाने भारतावर बंदी घातली. फिफाला तिसरा पक्ष चालत नाही. आमच्याकडे तिसरा पक्ष आल्याशिवाय सरकारच होत नाही. भारतातच होणारा १७ वर्षांखालील मुलींचा विश्वचषक दोन महिन्यांवर आलेला, म्हणून धावपळ झाली आणि ११ दिवसांत बंदी उठली.

मग निवडणूक. आता एक खरा खेळाडू अध्यक्ष होणार म्हणून लोक खूश. एका बाजूला बायचुंग भूतिया, भारताचा माजी कर्णधार. दुसऱ्या बाजूला कल्याण चौबे, मोहन बागान आणि ईस्ट बंगालचा माजी गोलकीपर, आता भाजपचा नेता. निकाल ३३ विरुद्ध १. हे ३४ मतदार राज्य संघटनांचे, आणि त्यातल्या बहुतेकांना चेंडू कोणी जास्त मारला यापेक्षा फोन कोणाचा आला हे अधिक कळतं. कर्णधाराला एक मत पडलं. (ते कोणाचं, हे शोधायला आता चौकशी आयोगच बसवावा.)

प्रफुल्लभाईंचं काही अडलं नाही. २०२३ साली पक्ष फुटला तेव्हा ते अजित पवारांसोबत गेले. फेब्रुवारी २०२४मध्ये राज्यसभेची आपली मुदत चार वर्षं शिल्लक असताना त्यांनी पुन्हा राज्यसभेचाच अर्ज भरला, बिनविरोध निवडून आले आणि आधीच्या जागेचा राजीनामा दिला. कारण त्या फुटीपायी त्यांच्याविरुद्ध आलेली अपात्रतेची याचिका. स्वतःला बाहेर काढून स्वतःच्याच जागी बदली खेळाडू म्हणून उतरणारा माणूस फुटबॉलच्या इतिहासात सापडायचा नाही.

आणि ते दोघे खरे खेळाडू? भूतिया दार्जिलिंगमधून हरले, स्वतःचा पक्ष काढून सिक्कीममध्ये हरले, आणि २०२४ साली राजकारणाला रामराम ठोकून मोकळे झाले. चौबे २०१९ साली कृष्णनगरला हरले, २०२१ साली कोलकात्याच्या माणिकतळ्यात हरले, २०२४ साली त्याच माणिकतळ्यात पोटनिवडणूक हरले. तिथे मतदार ३४ नव्हते.