पावसात पोल पोझिशन : जळगाव–धुळे मार्गावरचे पहिले धडे

फॉर्म्युला वनमध्ये शनिवारी जीव तोडून एकेक फेरी मारायची आणि सगळ्यांत कमी वेळ लावणाऱ्याने रविवारी सगळ्यांच्या पुढे उभं राहायचं, अशी रीत आहे. शनिवारच्या त्या धावपळीला क्वालिफाइंग म्हणतात, पहिल्या जागेला पोल पोझिशन. खानदेशात सर्किट नाही. पण राष्ट्रीय महामार्ग 53 आहे, ज्याला आपल्याकडे अजूनही ‘सहा नंबर’च म्हणतात. जळगावच्या आकाशवाणी चौकातून निघायचं, बांभोरीला गिरणा ओलांडायची आणि पाळधी, एरंडोल, पारोळा, मुकटी, फागणे करत धुळ्यात शिरायचं. नव्वदेक किलोमीटर, तेही भर पावसात. सासुरवाडीला पानं मांडली जाण्याआधी धडधाकट पोचलात तर पोल. पोळ्या गार झाल्यावर पोचलात तर मागची रांग, आणि मेव्हण्याचे टोमणे वेगळे.

पहिला धडा टायरचा. इंजिनच्या गप्पा नंतर मारा. रस्त्याला टेकतात ते रबराचे चार तळहाताएवढे तुकडे. फॉर्म्युला वनवाले कोरड्यात सपाट स्लिक लावतात, ओलसर रस्त्यावर हिरव्या पट्टीचा इंटरमीजिएट आणि धो धो पावसात निळ्या पट्टीचा फुल वेट. त्यांना टायर पुरवणाऱ्या पिरेलीच्या हिशेबाने ताशी 300 किलोमीटरला इंटरमीजिएटचा एकेक टायर सेकंदाला 30 लिटर पाणी उपसतो, फुल वेट 85 लिटर. ही सगळी किमया खाचांची. खाच पाण्याला बाहेर जायला वाट देते. वाट नसली की रबर आणि डांबर यांच्यामध्ये पाण्याचा थर घुसतो आणि चाक रस्ता सोडून पाण्यावर तरंगायला लागतं. त्या क्षणी स्टिअरिंग एकदम हलकं लागतं. नवशिक्याला वाटतं, परवाची सर्व्हिसिंग कामी आली.

स्लिक टायरला खानदेशात तोटा नाही. पिरेली ते कारखान्यातच सपाट बनवते, आपण पन्नास हजार किलोमीटर घासून सपाट करतो, एवढाच फरक. गोटा झालेला टायर पंक्चरवाल्याला दाखवा. तो अंगठा फिरवून सांगेल, “अजून पाच हजार चालतीन, भाऊ.” माणूस खोटं बोलत नाही. चालतील, पण एप्रिलमध्ये. कायद्याने चारचाकीला निदान 1.6 मिलिमीटर खाच लागते, दुचाकीला 0.8. त्यासाठी मोजपट्टी शोधू नका. टायरच्या कडेवर बारीक त्रिकोण किंवा ‘टीडब्ल्यूआय’ ही अक्षरं सापडतील. तिथून सरळ आत खाचेत बोट घाला. खाचेच्या तळाशी आडवा छोटासा उंचवटा लागतो. टायर झिजत झिजत त्या उंचवट्याच्या पातळीला आला की संपला. त्यानंतर पंक्चरवाल्याचं मत विचारायचं नाही.

दुसरा धडा हवेचा. हा लोक गाळतात, म्हणून सावकाश वाचा. विमानाची चाकं ओल्या धावपट्टीवर कधी तरंगू लागतात, याचा छडा नासाच्या लोकांनी लावला आणि 1963 साली एक सोपं सूत्र मांडलं : चाक तरंगू लागण्याचा वेग टायरमधल्या दाबाच्या वर्गमुळावर ठरतो. ते सूत्र आपल्या गाडीला लावलं तर 32 पौंड हवा असलेला सपाट टायर साचलेल्या पाण्यावर ताशी 94 किलोमीटरच्या आसपास तरंगेल, 20 पौंडाचा मात्र 75लाच. आता आपली रीत बघा. मे महिन्यात पारा 45कडे सरकला की टायर फुटेल या धास्तीने हवा कमी करून घेतो. मुळात ती धास्तीच उलटी आहे, कारण कमी हवेचा टायर जास्त दबतो आणि जास्त तापतो. पण ते राहू द्या. खरी गंमत अशी की जूनमध्ये ती हवा परत भरायची आठवण कुणालाच होत नाही. म्हणजे तरंगण्याची तयारी आपण उन्हाळ्यातच करून ठेवतो.

तिसरा धडा सेटअपचा. पावसासाठी शर्यतवाले गाडी जमिनीपासून जरा उचलतात, नाहीतर तिचं पोटच पाण्यावर घसरतं. सस्पेन्शन मऊ करतात, पंख जास्त उभे करतात, ब्रेकचा जोर थोडा मागच्या चाकांकडे सरकवतात, कारण ओल्यात ब्रेक मारल्यावर भार पुढे कमी झुकतो. मेख अशी आहे की क्वालिफाइंगला गाडी एकदा बाहेर पडली की शर्यत सुटेपर्यंत सेटअपला जवळजवळ हात लावता येत नाही. शनिवारी पाऊस आणि रविवारी ऊन निघालं तर पावसाचा सेटअप गळ्यात पडतो. हा निव्वळ जुगार आहे, आणि मोठमोठे इंजिनिअर तो हरतात.

आपल्याकडे गाडीची उंची इंजिनिअर नव्हे, सौभाग्यवती ठरवतात. डिकीत पापडांचे डबे, तुरीचं पोतं, मागच्या सीटवर आत्या, मामी आणि दोन मुलं. मागचं अंग बसतं, नाक वर होतं आणि हेडलाइट समोरच्या ट्रकवाल्याच्या डोळ्यात किंवा लिंबाच्या शेंड्यावर. यावर उपाय गाडीतच आहे. स्टिअरिंगच्या उजवीकडे, गुडघ्याच्या वर, 0 ते 3 आकड्यांचं एक छोटं चक्र बहुतेक गाड्यांत असतं. भार वाढला की ते 2 किंवा 3वर न्या, झोत खाली येतो. आपल्याकडे ते चक्र गाडी विकेपर्यंत शून्यावर असतं.

ब्रेकचा जोर पुढे-मागे करायची सोय आपल्याला नाही, पण जोरात ब्रेक मारला तरी चाकं जाम होऊ न देणारं एबीएस आहे. एप्रिल 2019पासून नव्या गाड्यांना ते सक्तीचं झालं. फॉर्म्युला वनमध्ये 1994पासून त्याला बंदी आहे. तेव्हा तिथल्या हॅमिल्टनपेक्षा एक गोष्ट तुमच्याकडे जास्त आहे. ब्रेकचं पेडल पायाखाली थरथरलं तर घाबरून पाय काढू नका, दाबून ठेवा.

रस्त्यावरची रेषा कशी धरायची? सर्किटवर नेहमीच्या रेषेवर टायरचं रबर बसलेलं असतं, ते ओलं झालं की निसरडं होतं. म्हणून जाणते ड्रायव्हर पावसात ती रेषा सोडतात. आपल्या महामार्गावर नेहमीची रेषा म्हणजे लादलेल्या ट्रकांनी जुन्या डांबरात पाडलेल्या दोन चाकोऱ्या. पाणी पहिल्यांदा तिथेच साचतं. कारण वेगळं, सल्ला तोच : चाकोरी सोडा. पुलांवरचे लोखंडी सांधे सरळ चाकांनी ओलांडा, त्यांच्यावर ब्रेक नको. आणि शेतातून ट्रॅक्टर चढलेल्या जागा लांबून ओळखा. काळ्या मातीची ढेकळं डांबरावर पडतात, सरीत भिजतात, मागची वाहनं ती पसरवतात आणि वीस-तीस फुटांचा काळा, चकचकीत लेप तयार होतो. त्यावर कुठल्याच कंपनीचा टायर धरत नाही.

आता सगळ्यांत महत्त्वाचं, निघायचं कधी. 2005 साली मेलबर्नला क्वालिफाइंगमध्ये पाऊस येत-जात होता आणि गाड्या एकेक करून सुटत होत्या. पहिलीच शर्यत खेळणारा नारायण कार्तिकेयन जॉर्डन संघाची लंगडी गाडी घेऊन 12वा आला. त्याच्या मागे 13वा होता अलोन्सो, जो त्याच वर्षी जगज्जेता झाला. शूमाकर आणखी मागे. कार्तिकेयन चालवायला पक्का होताच, पण रस्ता ज्याच्या वाट्याला जसा आला, तसा निकाल लागला. 2022 साली ब्राझीलमध्ये हास संघाचा मॅग्नुसन पिट लेनच्या तोंडाशी सगळ्यांच्या आधी जाऊन उभा राहिला, कोरड्या टायरवर एक फेरी मारली आणि मागोमाग पाऊस आला. बाकीचे बघत बसले. हासची ती पहिलीच पोल.

खानदेशात मात्र गणित उलटं आहे. इथे आठ महिने रस्त्यावर धूळ, डिझेल आणि ऑइल साठतं. पहिली सर आली की त्याचा राबडा होतो, आणि घसरायला त्याहून चांगली वेळ नाही. त्यामुळे पहिल्या सरीत शौर्य नको. एरंडोलला थांबा, चहा घ्या, भजी मागवा, रस्ता धुऊन निघू द्या. याला तिकडे पिट स्टॉप म्हणतात. त्यांचा तीन सेकंदांत उरकतो, तुमचा अर्धा तास चालला तरी कुणी दंड करणार नाही.

आणि निघताना चार चाकांबरोबर स्टेपनीचीही हवा बघून घ्या. रात्री पारोळ्याच्या पुढे पंक्चरचं दुकान उघडं सापडेलच असं नाही.