मध्यरात्रीची फाइल

माणूस दमला की झोपतो, हा समज अर्धाच खरा आहे. जागेपणी मेंदूत अ‍ॅडेनोसिन साचत जाते आणि डोळे जड होतात, इथपर्यंत ठीक. पण त्यापुढे हायपोथॅलॅमसच्या पुढच्या भागातल्या मूठभर पेशींनी गाबा हे रसायन सोडून जागवणाऱ्या केंद्रांना गप्प करावे लागते. ती केंद्रेही या पेशींना दाबत असतात. शेवटी एकाच बाजूचे चालते.

तणाव हा नेहमी जागवणाऱ्यांच्या बाजूने उतरतो. रात्री साडेअकराला सोसायटीच्या ग्रुपवर थकबाकीदारांची यादी येते आणि तीत आपला फ्लॅट नंबर दिसतो. मेंदूतल्या अमिग्डालाला मेंटेनन्स आणि बिबट्या यांतला फरक फारसा कळत नाही. क्षणात नॉरअ‍ॅड्रेनॅलिन वाढते, छाती धडधडते. मागोमाग हायपोथॅलॅमसमधून सीआरएच, पिट्युटरीतून एसीटीएच आणि अ‍ॅड्रिनल ग्रंथींतून कॉर्टिसॉल, अशी संप्रेरकांची फाइल टेबलामागून टेबल सरकते. तीही काही मिनिटांत आणि चहापाण्याशिवाय!

वास्तविक मध्यरात्रीच्या सुमारास कॉर्टिसॉल सर्वांत कमी असायला हवे. त्याचा जोर पहाटे वाढायचा असतो. अवेळी वाढलेले कॉर्टिसॉल निम्मे व्हायलाच तास-दीड तास जातो. बिबट्या असता तर एव्हाना निघून गेला असता. थकबाकी उशाशीच बसून राहते. त्यात १९९८मध्ये सापडलेले ओरेक्सिन हे मेंदूतले रसायनही जागेपणाला टेकू देते. झोप लागलीच तर उथळ लागते, कारण सीआरएच गाढ झोपेच्याही आड येते.

खरा घोळ पुढेच आहे. जागा माणूस घड्याळ पाहून हिशेब मांडतो : आत्ता झोप लागली तर साडेपाच तास मिळतील. अर्ध्या तासाने पाच. बँकेतही एवढी काटेकोर वजाबाकी होत नसेल. झोप न लागण्याची ही काळजी मेंदूच्या लेखी आणखी एक संकट असते, आणि फाइल पुन्हा पहिल्या टेबलावर जाते. दुसऱ्या दिवशी पेंग घालवायला संध्याकाळी कडक चहा घेतला, की कॅफिन अ‍ॅडेनोसिनची जागा अडवते आणि त्यातले निम्मे पाचेक तासांनीही अंगात उरते.

मानसशास्त्रज्ञ रिचर्ड बूटझिन यांनी १९७२मध्ये सुचवलेला उपाय घरच्यांना आळशी माणसाचा वाटेल : झोप येत नसेल तर अंथरुणातून उठावे, डोळे मिटू लागले की परतावे, सकाळी मात्र ठरल्या वेळी उठावे. आठवड्यात तीन रात्री झोप लागत नाही, असे तीन महिने चालले तर तो जुनाट निद्रानाश. तेव्हा शेजाऱ्यांकडून गोळी मागून न घेता डॉक्टरांकडे जावे.